चॉक्टॉ जवान, फील्ड टेलिफोन आणि ‘मक्याचे तीन दाणे’

‘कोड टॉकर’, म्हणजे आपल्या मातृभाषेतून गुप्त लष्करी संदेश देणारे जवान, म्हटलं की बहुतेकांना नावाहो आदिवासी आठवतात: दुसरं महायुद्ध, पॅसिफिकमधली बेटं, अमेरिकन मरीन. पण त्यांच्या जवळजवळ पाव शतक आधी, ऑक्टोबर 1918 मध्ये, फ्रान्समधल्या एन नदीच्या काठी अमेरिकेतल्या ओक्लाहोमातून आलेल्या, चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या जवानांनी लष्करी हुकूम आपल्या मातृभाषेत टेलिफोनवरून पोचवले होते. या घटनेबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण ती नेमकी कशी घडली हे फार थोड्या ठिकाणी समजावलेलं असतं. भाषा म्हणजेच कोड होतं का? जर्मनांना ती का कळली नाही? टेलिफोन असताना अडचण काय होती? सुरुवात टेलिफोनपासूनच करायला हवी, कारण सगळी अडचण तिथे होती.

तार असूनही बोलता येत नव्हतं

पहिल्या महायुद्धात आघाडीवरचं मुख्य साधन म्हणजे तारेचा फील्ड टेलिफोन. विजेचं मंडल पूर्ण व्हायला दोन तारा लागतात. पण तार वाचवण्यासाठी आणि घाईत टाकता यावी म्हणून अनेक ठिकाणी एकच तार टाकत आणि परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरत. दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या मातीत ठोकल्या की काम भागायचं. तोटा असा, की बोलण्याचा प्रवाह मातीत चहूकडे पसरतो, ओल्या जमिनीत तर जास्तच. शत्रूने काही शे मीटरवर आपल्या खुंट्या ठोकल्या, त्यांना तार जोडली आणि व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरने तो क्षीण प्रवाह वाढवला की तुमच्या तारेला हातही न लावता तुमचं संभाषण त्याला ऐकू येतं. जर्मन सैन्य या कामात तरबेज होतं. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा वापरल्या तर ही गळती खूप कमी होते, पण पुढे सरकणाऱ्या पलटणीला तशी लाइन टाकायला वेळ आणि तार दोन्ही कमी पडतात.

हे चॉक्टॉ जवान ज्या 36 व्या डिव्हिजनमध्ये होते तिची अडचण याहून मोठी होती. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या नॅशनल गार्डमधून उभी राहिलेली ही डिव्हिजन ऑक्टोबर 1918 मध्ये जनरल गूरो यांच्या फ्रेंच चौथ्या सैन्याबरोबर लढत होती. सेंत एतिएन गावापासून एन नदीपर्यंत ती ज्या भागातून पुढे गेली तो सगळा भाग काही दिवसांपूर्वीपर्यंत जर्मनांच्या ताब्यात होता. जमिनीवर आणि जमिनीखाली त्यांच्याच तारांचं जाळं पसरलेलं होतं. अमेरिकन कमांड पोस्ट ज्या भुयारांत आणि घरांत बसल्या तिथूनच जर्मन नुकतेच निघून गेले होते. 142 व्या इन्फन्ट्री रेजिमेंटचे कमांडर कर्नल आल्फ्रेड वेनराइट ब्लूर यांनी 23 जानेवारी 1919 च्या अहवालात सैन्यात पसरलेली एक वदंता नोंदवली आहे. डिव्हिजनने रसदीच्या साठ्याची मुद्दाम खोटी जागा तारेवरून सांगितली आणि अर्ध्या तासात त्या जागेवर तोफगोळे पडू लागले. वदंता खरी असो वा नसो, तारेवर बोललेला प्रत्येक शब्द शत्रूपर्यंत जातो असंच सगळे धरून चालले होते.

टेलिफोन सोडून इतर मार्ग होते, पण प्रत्येकाची आपली खोट होती. निरोप घेऊन पळणारे जवान, म्हणजे रनर, हळू पडत आणि वाटेत मारले किंवा पकडले जात. झेंडे आणि दिवे शत्रूलाही दिसतात. रॉकेटने दोन-चार ठरलेले इशारेच देता येतात. बिनतारी संच अवजड होते आणि त्यांचा संदेश कुणीही पकडू शकत असे. उरला सांकेतिक लिपीचा मार्ग. त्यात हुकूम लिहायचा, कोडच्या पुस्तकातून एकेक शब्द बदलायचा, पाठवायचा, पलीकडच्याने उलट क्रमाने तो उलगडायचा. एवढ्यात लढाईची परिस्थिती बदललेली असते. शिवाय ते पुस्तक कुणाच्या हाती लागलं तर आदल्या दिवसापर्यंतचे सगळे संदेश उघडे.

दोन टोकांना दोन चॉक्टॉ

142 व्या रेजिमेंटमध्ये आदिवासी जवानांची अख्खी एक कंपनी होती: ई कंपनी, कॅप्टन एलायजा हॉर्नर यांच्या हाताखाली. ब्लूर लिहितात, की हे जवान 26 वेगवेगळ्या भाषा किंवा बोली बोलत आणि त्यांपैकी जेमतेम चार-पाच भाषा कधी लिहिल्या गेल्या होत्या. समोरच्या जर्मन ऐकणाऱ्याला त्यांतली एखादी समजण्याची शक्यता त्यांनी दहा लाखांत एक एवढी धरली. निवड चॉक्टॉची झाली.

पद्धत अशी होती. अधिकारी हुकूम नेहमीसारखा इंग्रजीत देतो. त्याच्याजवळ बसलेला चॉक्टॉ जवान तो समजून घेतो आणि फोनवर थेट चॉक्टॉत बोलतो. पलीकडच्या कंपनीतला चॉक्टॉ जवान ऐकतो, लगेच इंग्रजीत आणतो आणि आपल्या अधिकाऱ्याच्या हाती देतो. कुठे पुस्तक नाही, तक्ता नाही, अक्षरं मोजणं नाही. एरवी ज्याला बराच वेळ लागला असता ते साध्या संभाषणाइतक्या वेळात होत असे. अडचण एकच, दोन्ही टोकांना भाषा येणारा माणूस हवाच. म्हणून हे जवान एकाच कंपनीत एकत्र ठेवून उपयोग नव्हता, त्यांना निरनिराळ्या मुख्यालयांत वाटून द्यावं लागलं. फोनवर बसलेला जवान जखमी झाला तर तेवढी लाइन मुकी होणार, हा धोका शेवटपर्यंत राहिलाच.

पहिला वापर 26 ऑक्टोबरच्या रात्री झाला. दुसऱ्या बटालियनच्या दोन कंपन्या शुफिलीहून शार्देनीला मागे आणायच्या होत्या. शत्रूसमोरून मागे हटणं ही लढाईतली सगळ्यात नाजूक हालचाल असते. पुढे जाताना बातमी फुटली तर निदान बंदूक समोर रोखलेली असते. मागे वळलेल्या रांगेवर तोफा लागल्या तर कत्तलच. म्हणजे ब्लूर यांनी पहिली परीक्षाच अवघड घेतली. हालचाल काही गडबड न होता पार पडली. दुसऱ्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, एन नदीच्या वळणात घट्ट बसलेल्या फोरे फर्म या ठाण्यावर हल्ला होणार होता. त्याच्या तयारीत चॉक्टॉ दिवसभर वापरली गेली आणि शत्रू पूर्णपणे बेसावध सापडला. त्याला आपले संदेश कळले नाहीत याचा हाच पुरावा, असं ब्लूर म्हणतात.

जे शब्द नव्हते ते कसे आणले

घरात, शेतात आणि चर्चमध्ये बोलली जाणारी भाषा मशीनगन आणि बटालियनबद्दल बोलायला लागली की अडते. ब्लूर यांच्या अहवालात ही अडचण सरळ मांडली आहे: जवानांच्या भाषेत लष्करी शब्द पुरेसे नव्हते. मग त्यांनी भाषेत आधीच असलेल्या शब्दांतून नवे जोडले. तोफखान्याला ‘मोठी बंदूक’. मशीनगनला ‘लहान बंदूक, भराभर मारते’. पहिली, दुसरी आणि तिसरी बटालियन म्हणजे मक्याचा एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे. हातबॉम्बला ‘दगड’, विषारी वायूला ‘वाईट हवा’.

इथे मक्याच्या दाण्यांकडे नीट बघावं. ‘मोठी बंदूक’ हे वर्णन आहे. चॉक्टॉ येणारा कुणीही ऐकून तोफ ओळखेल. पण ‘मक्याचे दोन दाणे’ ऐकून दुसरी बटालियन डोळ्यासमोर येत नाही, ते आधी ठरलेलं असावं लागतं. म्हणजे या थोड्याशा शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: एक, परक्याला न येणारी भाषा, दोन, त्या भाषेच्या आत लपवलेला संकेत. अभ्यासक हा फरक दोन प्रकारांत मांडतात. नुसती भाषा वापरली तर एक प्रकार. भाषेच्या आत पुन्हा ठरवून केलेला कोड असेल तर दुसरा. नावाहोंचं 1942 पासूनचं काम पूर्णपणे दुसऱ्या प्रकारचं होतं. तिथे 29 जणांच्या पहिल्या तुकडीने शेकडो शब्दांची यादी तयार केली, इंग्रजी अक्षरांनाही नावाहो शब्द दिले, आणि कोड न शिकलेल्या नावाहो माणसालाही ते बोलणं निरर्थक वाटे. चॉक्टॉंचं काम मुख्यतः पहिल्या प्रकारचं होतं. त्याला दुसऱ्याची सुरुवात जोडलेली होती.

मग पहिला प्रकार कच्चा म्हणायचा का? तेवढ्या वेळेपुरता नाही. ‘आज रात्री या दोन कंपन्या मागे घ्या’ हा हुकूम सकाळपर्यंतच गुप्त राहायला हवा. परवा कुणी त्याचा अर्थ लावला तरी हातात काही लागत नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या युद्धात हीच पद्धत धोक्याची ठरली असती, कारण चॉक्टॉ लिहिली न गेलेली भाषा मुळीच नव्हती. मिशनरी सायरस बायिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकात ती रोमन लिपीत बसवली होती, बायबलची भाषांतरं छापली गेली होती आणि बायिंग्टन यांचा चॉक्टॉ शब्दकोश अमेरिकन सरकारच्या मानववंशशास्त्र विभागाने 1915 मध्ये, म्हणजे या लढाईच्या तीन वर्षं आधी, प्रसिद्ध केला होता. पण शब्दकोश हाती असणं आणि खरखरणाऱ्या तारेवर भरभर चाललेलं बोलणं समजणं यांत मोठं अंतर आहे. चॉक्टॉत, मराठीसारखंच, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याला पुढून-मागून प्रत्यय चिकटतात. कुणी कुणाला काय करायचं हे एकाच लांब शब्दात गुंफलं जातं. कोशात मूळ रूप सापडतं, कानावर पडलेलं रूप सापडत नाही.

आघाडीवरून परत आल्यावर लुपी-ल-पती इथे रेजिमेंटने निवडक जवानांना टेलिफोनवर संदेश देण्याचं रीतसर शिक्षण दिलं आणि शब्दांची यादी वाढवली. टेलिफोनचा फायदा मिळवला आणि त्याचा धोका टाळला, असं ब्लूर समाधानाने लिहितात. पण 11 नोव्हेंबरला युद्ध थांबलं आणि ही सुधारलेली पद्धत लढाईत वापरण्याची वेळ आली नाही.

फुगवलेले दावे

‘चॉक्टॉ भाषा वापरल्यापासून 72 तासांत जर्मन पळू लागले’ हे वाक्य शेकडो ठिकाणी सापडतं. ते सोडून द्यावं. जर्मन सैन्य त्या सुमारास संपूर्ण आघाडीवर मागे हटत होतं आणि चॉक्टॉचा प्रत्यक्ष लढाईतला वापर जेमतेम दोन दिवसांचा. दोन दिवसांत एका नाजूक माघारीतली आणि एका हल्ल्यातली माणसं वाचली, हे काम स्वतःच्या बळावर पुरेसं मोठं आहे. जोसेफ ओक्लाहोम्बी यांच्याबद्दलही तसंच. 8 ऑक्टोबर 1918 ला सेंत एतिएनजवळ 171 जर्मन एकट्याने पकडले, असं सांगितलं जातं. त्यांना क्र्वा द गेर हे फ्रान्सचं युद्धपदक मिळालं हे खरं, पण तो पराक्रम त्यांचा आणि त्यांच्याबरोबर धावून गेलेल्या सोबत्यांचा होता. ओक्लाहोम्बी 141 व्या रेजिमेंटचे होते आणि चॉक्टॉ कोड टॉकर्सच्या यादीतही त्यांचं नाव आहे.

‘जगातले पहिले कोड टॉकर’ या बिरुदाबाबतही जपून बोलावं. सप्टेंबर 1918 मध्ये 30 व्या डिव्हिजनमध्ये चेरोकी जवानांनी आपल्या भाषेत संदेश दिल्याची नोंद आहे. चॉक्टॉंचं वेगळेपण असं, की कमांडरचा तपशीलवार लेखी अहवाल, ठरवून बनवलेले शब्द आणि नंतरचं प्रशिक्षण हे तिन्ही त्यांच्या बाबतीत मिळतं. हे काम पुढे कडेकोट गुप्त राहिलं असंही नाही, 1919 मध्येच वर्तमानपत्रांत त्याबद्दल छापून आलं होतं. ते लपवलं गेलं नाही. त्याची कदर झाली नाही, आणि हे जास्त लागणारं आहे.

ही भाषा मुळात उरलीच कशी

चॉक्टॉंची मूळ भूमी म्हणजे आजचं मिसिसिपी आणि त्याच्या आसपासचा भाग. त्यांचे सरदार पुशमटाहा 1812 च्या युद्धाच्या काळात जनरल अँड्र्यू जॅक्सन यांच्या बाजूने लढले. डिसेंबर 1824 मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं आणि लष्करी इतमामाने काँग्रेशनल दफनभूमीत त्यांना पुरण्यात आलं. सहा वर्षांत तेच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून आदिवासींना हुसकावण्याच्या कायद्यावर सही करत होते. 27 सप्टेंबर 1830 च्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहाने चॉक्टॉंकडून मिसिसिपीतली जमीन घेतली गेली आणि 1831 पासून हजारोंना पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, नेण्यात आलं. थंडीने, पुराने आणि कॉलऱ्याने वाटेत असंख्य माणसं गेली. या ‘अश्रूंच्या वाटे’वरून आलेल्या लोकांनी 1847 मध्ये आयर्लंडच्या दुष्काळासाठी वर्गणी गोळा करून पाठवली, हे आयरिश लोक आजही विसरलेले नाहीत. कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन गावात त्याचं स्मारकशिल्प उभं आहे.

नव्या भूमीत चॉक्टॉंनी आपलं सरकार, न्यायालयं आणि शाळा उभ्या केल्या. 1898 च्या कायद्याने त्या अधिकारांना कात्री लागली, सामाईक जमीन माणशी वाटून टाकली गेली आणि 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. त्यानंतरच्या शाळांत मुलांनी इंग्रजीच बोलावं असा धाक असे, चॉक्टॉ बोललं तर शिक्षा. 1918 मध्ये फोनवर बसलेली मुलं याच पिढीची. त्यांच्या तोंडची भाषा टिकली ती घरच्या आजी-आजोबांमुळे आणि चर्चमधल्या चॉक्टॉ भजनांमुळे. शाळेत ज्या भाषेसाठी मार मिळाला तीच सैन्याला हवी होती. त्याबद्दल भाषेला शाळेत जागा मिळायला पुढची अनेक दशकं गेली, आणि हा अन्याय स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवा.

नागरिकत्वाबद्दल मात्र एक चूक सर्रास होते. सगळ्या आदिवासींना अमेरिकन नागरिकत्व 1924 च्या कायद्याने मिळालं, म्हणून ‘हे जवान नागरिकही नव्हते’ असं लिहिलं जातं. चॉक्टॉ ज्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे ओक्लाहोमा राज्य होण्याआधीच्या आदिवासी प्रदेशात, राहत तिथल्या आदिवासींना 1901 च्या कायद्याने आधीच नागरिक ठरवलं होतं. सैन्यात गेलेल्या इतर अनेक जमातींच्या जवानांना मात्र ते विधान लागू पडतं.

दुसऱ्या महायुद्धातही 45 व्या डिव्हिजनच्या 180 व्या रेजिमेंटमधल्या चार चॉक्टॉ जवानांनी युरोपात आपली भाषा वापरली. सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मिळवलेल्यांत चॉक्टॉ वंशाचे व्हॅन बारफूट (इटली, मे 1944) आणि कोरियात ऑक्टोबर 1951 मध्ये धारातीर्थी पडलेले टोनी बरिस आहेत. चॉक्टॉ नेशनच्या, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या सरकारच्या, मुद्रेवर तीन बाण आणि दोर न चढवलेलं धनुष्य आहे. पुशमटाहा यांच्यासह तिघा सरदारांचे ते बाण. जुनी राजधानी तश्का होम्मा, म्हणजे ‘लाल योद्धा’. तिथे 1884 च्या राजभवनात संग्रहालय आहे, त्याच आवारात युद्धस्मारक आणि माजी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला लागून मोठा मेळा भरतो. माजी सैनिकाच्या अंत्यविधीत घडी केलेला राष्ट्रध्वज आणि चॉक्टॉ भजन दोन्ही असतात.

पदकं आली, पण उशिरा

चॉक्टॉ नेशनने 1986 मध्ये आपल्या जवानांना मरणोत्तर शौर्यपदक दिलं. 3 नोव्हेंबर 1989 ला फ्रान्स सरकारने चॉक्टॉ आणि कोमांची कोड टॉकर्सना आपल्या ‘ऑर्द्र नॅशनाल द्यु मेरित’चा सन्मान दिला. अमेरिकेचा कायदा ऑक्टोबर 2008 मध्ये झाला आणि 20 नोव्हेंबर 2013 ला वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीत 33 जमातींचा गौरव झाला. कायद्यानुसार सोन्याचं पदक जमातीला, त्याची चांदीची प्रत त्या जवानाला किंवा वारसाला. नावं ठरवण्याची जबाबदारी संरक्षण विभागाची.

आणि नावं ठरवणं हेच सगळ्यात किचकट. 12 जुलै 1973 ला सेंट लुईसमधल्या लष्करी अभिलेखागाराला लागलेल्या आगीत 1912 ते 1960 या काळात सेवेतून बाहेर पडलेल्या लष्करी जवानांच्या सुमारे 80 टक्के नोंदी जळाल्या. त्यामुळे एखाद्या घरात ‘आमचे आजोबा फोनवर चॉक्टॉ बोलले’ ही आठवण असली तरी थेट कागद क्वचित मिळतो, तुकडे जोडावे लागतात. सामाईक जमीन वाटताना जमातीच्या सदस्यांची यादी करणाऱ्या डॉझ कमिशनच्या यादीतला नंबर जमातीतलं नाव पक्कं करतो, आणि चॉक्टॉ नेशनचं सदस्यत्वही आजपर्यंत त्याच यादीतल्या पूर्वजावरून ठरतं. 1917-18 ची भरती-नोंदणी कार्डं, कंपनीच्या हजेरी-याद्या, कौंटीच्या कचेरीत नोंदवलेली सेवामुक्तीची प्रत आणि लष्करी थडग्याच्या दगडासाठी केलेला अर्ज यांवरून रेजिमेंट आणि कंपनी कळते. शोधताना नावांची स्पेलिंगं फार फसवतात. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, एकाच माणसाचं आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने येतं. म्हणून नावापेक्षा जन्मतारीख, कौंटी आणि आईवडिलांची नावं जुळवून पाहावी लागतात. सॉलोमन लुइस, मिचेल बॉब, बेन कार्टरबी, टोबायस फ्रेझियर यांच्या नावांनी सुरू झालेली पहिल्या महायुद्धाची यादी अशाच शोधातून टप्प्याटप्प्याने 19 वर पोचली.

भाषेचे वर्ग आज चॉक्टॉ नेशन स्वतः चालवतं, शाळांत आणि इंटरनेटवरही. मराठी वाचकाला तिची लेखनपद्धत एका बाबतीत सोपी जाते. रोमन ‘व्ही’ हे अक्षर तिथे ऱ्हस्व ‘अ’साठी वापरतात आणि ‘ए’ हे अक्षर ‘आ’साठी, शिवाय नाकातून उच्चारायचा स्वर अधोरेखित करतात. म्हणजे इंग्रजी वाचकाला जिथे अडखळायला होतं तिथे आपल्याला अ, आ आणि अनुस्वार आधीच ठाऊक असतात. ओक्लाहोमा आणि मिसिसिपीतल्या चॉक्टॉंच्या लिहिण्यात मात्र फरक आहे, त्यामुळे धडे कुठले आहेत हे आधी पाहून घ्यावं.